वैशाखातील सागरपक्ष्यांची ये-जा



कोकणातील वैशाख म्हटला की आंबा-काजूचा हंगाम, लग्नसराई, मुंबईहून आलेले चाकरमानी आणि पावसापूर्वी उरकावयाची असंख्य कामे डोळ्यांपुढे येतात. बंदरावर तर याच दिवसांत सर्वांत अधिक घाई असते. यांत्रिक नौकांवर १ जूनपासून मासेमारीची बंदी लागू होते. त्यापूर्वीच्या शेवटच्या फेऱ्या पदरात पाडून घ्यावयाच्या असतात. या धांदलीत समुद्रावरून नेमके याच पंधरवड्यात काय जाते आणि काय येते, याकडे लक्ष देण्यास कोणाला सवड नसते. पक्ष्यांचे स्थलांतर ही हिवाळ्यातील गोष्ट आहे, थंडीबरोबर पाहुणे येतात आणि होळीनंतर परततात, असा सर्वसाधारण समज आहे. उजनी किंवा नांदूर मध्यमेश्वर यांसारख्या जलाशयांच्या बाबतीत तो बव्हंशी खराही आहे. समुद्राच्या बाबतीत मात्र तो अर्धाच खरा आहे.

चैत्राच्या मध्यापासून ज्येष्ठाच्या आरंभापर्यंत, म्हणजे साधारणपणे एप्रिलपासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर दोन प्रवाह एकमेकांना ओलांडतात. एक प्रवाह उत्तरेकडे परतणाऱ्यांचा. दुसरा दक्षिण गोलार्धातून येणाऱ्यांचा. आपल्याकडे उन्हाळा भरात असतो, तेव्हा विषुववृत्ताच्या पलीकडे शरद ऋतू संपून हिवाळा लागत असतो. तिकडची वीण आटोपलेली असते आणि तिकडचे पक्षी हिवाळा चुकविण्यासाठी उत्तरेस, अरबी समुद्राकडे वळलेले असतात. सैबेरियातून येणारा पाहुणा सर्वांना ठाऊक असतो. अंटार्क्टिकाच्या बाजूने येणारा पाहुणा मात्र कोकणात जन्म काढलेल्या माणसालाही सहसा ठाऊक नसतो.

प्रथम परतणाऱ्यांचा विचार करू. किनाऱ्यावर सर्वांच्या परिचयाचा पक्षी म्हणजे कुरव, ज्याला इंग्रजीच्या वळणाने गल किंवा सीगल म्हणतात. सिंधुदुर्गात रापण ओढली जात असताना वाळूवर आणि पाण्यावर कलकलाट करणारे पांढरे-राखी थवे हे मुख्यतः कुरवांचे. मुंबईत गेटवेहून मांडव्याकडे जाणाऱ्या लाँचमागे उडणारेही तेच. प्रवासी त्यांना गाठ्या आणि कुरमुरे फेकतात. पक्ष्यांना ते मानवत नाही, आणि हा प्रकार जितक्या लवकर बंद होईल तितका बरा. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंच पठारांवरील सरोवरांकाठी वीण करतो. काळ्या डोक्याचा कुरव त्याहून उत्तरेकडील प्रदेशांतून येतो. पल्लासचा कुरव हा आकाराने मोठा आणि रुबाबदार पक्षी मध्य आशियातील तलावांवरचा रहिवासी. आणि गडद राखी पाठीच्या मोठ्या कुरवांपैकी काही थेट रशियाच्या उत्तर टोकाकडील टुंड्रातून आलेले असतात.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळाभर तपकिरी नसते. तेव्हा डोळ्यामागे केवळ एक काळसर ठिपका असतो. पुस्तकातील चित्र पाहून विद्यार्थी किनाऱ्यावर येतो, तसा पक्षी त्याला दिसत नाही, आणि पुस्तक खोटे किंवा आपली नजर खोटी, अशा निष्कर्षाला तो पोहोचतो. मार्चमध्ये हळूहळू पिसे पालटतात, डोक्यावर चॉकलेटी टोपी चढते, आणि ती पुरती चढली की पक्ष्याच्या प्रयाणाचे दिवस जवळ आले असे समजावे. मेच्या पहिल्या आठवड्यानंतर किनाऱ्यावर उरतात ते बहुतेक अल्पवयीन कुरव. त्यांना त्या वर्षी वीण करावयाची नसते, त्यामुळे घाईही नसते.

कुरवांहून सडपातळ, टोकदार पंखांचा, दुभंगलेल्या शेपटीचा आणि उंचावरून पाण्यात सूर मारणारा पक्षी म्हणजे सुरय, अर्थात टर्न. नारिंगी चोचीचा लहान तुरेवाला सुरय इराणच्या आखाताकडे व तांबड्या समुद्राकडे वीण करतो. काळ्या चोचीला पिवळे टोक असलेला सँडविच टर्न कॅस्पियनच्या परिसराशी नाते सांगतो. एप्रिलच्या अखेरीस हे थवे किनाऱ्याला समांतर, पाण्यापासून काही मीटर उंचीवर, एकामागून एक उत्तरेकडे सरकताना दिसतात. खडकाळ भूशिरावर तासभर बसल्यास ही हालचाल स्पष्टपणे जाणवते. पुळणीवर उभे राहून ती जाणवत नाही.

खोल पाण्यातून परतणाऱ्यांत दोन पक्षी विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. लाल मानेचा फॅलरोप हा पाणलाव्याच्या आकाराचा चिमुकला पक्षी. तो वस्तुतः चिखलपक्ष्यांच्या कुळातला, परंतु हिवाळा उघड्या अरबी समुद्रावर तरंगत घालवतो. पाण्यावर भोवऱ्यासारखा गरगर फिरून तो खालचे सूक्ष्म जीव वर आणतो आणि टिपतो. या जातीत मादी नरापेक्षा अधिक रंगीत असते; अंडी उबविणे आणि पिले सांभाळणे नराकडे असते. एप्रिल-मेमध्ये हे थवे आर्क्टिककडे निघतात. दुसरा पक्षी पोमराइन स्कुआ. गडद, दणकट, आडदांड असा हा पक्षी उत्तर ध्रुवाभोवतीच्या टुंड्रात लेमिंग नावाच्या उंदरासारख्या प्राण्यावर पोसतो आणि समुद्रावर आला की लूटमारीवर. सुरयाने मासा पकडला की स्कुआ त्याचा पाठलाग करतो, त्याला हैराण करतो, मासा टाकावयास लावतो आणि तो वरच्यावर झेलतो. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याच्या शेपटीतील मधली दोन पिसे लांब आणि पीळ दिलेल्या चमच्यासारखी असतात. ती एकदा पाहिली की ओळख पक्की. सुरयांच्या थव्यात एकाएकी पळापळ झाली तर दुर्बीण थव्यावर न रोखता थव्याच्या मागे रोखावी.

आता येणाऱ्यांकडे वळू. या व्याख्यानाचा खरा विषय तोच आहे.

विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल हा चिमणीपेक्षा किंचित मोठा, काजळी रंगाचा, कमरेवर पांढरा पट्टा असलेला पक्षी. वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास. हा अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आणि भोवतालच्या बेटांवर खडकांच्या कपारीत वीण करतो. पिले उडती झाली की तो उत्तरेची वाट धरतो आणि मेपासून अरबी समुद्रात दिसू लागतो. पाय खाली सोडून, पंख उचलून, पाण्यावर टपटप पावले टाकीत तो जणू चालतो आणि पृष्ठभागावरील सूक्ष्म खाद्य टिपतो. येशूचा शिष्य पीटर पाण्यावरून चालला, या कथेवरून त्याला पेट्रेल हे नाव मिळाले, असे सांगितले जाते. मुठीत मावेल एवढा हा जीव पृथ्वीवरील अतिशय खवळलेल्या समुद्रांवरून हजारो किलोमीटर येतो आणि जमीन पाहिली तर ती अपघातानेच.

दुसरा पाहुणा फिकट पायांचा फ्लेश-फूटेड शिअरवॉटर. तो नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियाच्या बेटांवर, हिंदी महासागरातील सेंट पॉल बेटावर व न्यूझीलंडकडे जमिनीत बिळे करून वीण करतो. गडद तपकिरी अंग, फिकट गुलाबी चोच आणि तिचे काळसर टोक ही त्याची खूण. पंख ताठ ठेवून, एका बाजूस कलून, पंखाचे टोक पाण्याला जवळजवळ स्पर्श करीत तो तरंगत जातो. पाण्यालगतचा वारा मंद आणि वरचा वारा वेगवान असतो. या दोहोंतील फरकाचा उपयोग करून हे पक्षी पंख फारसे न हलविता कित्येक किलोमीटर कापतात. म्हणूनच वारा पडलेल्या दिवशी ते कष्टाने उडतात किंवा पाण्यावर बसून राहतात, आणि वारा सुटला की चपळ होतात. याचा लहान भाऊबंद पर्शियन शिअरवॉटर वरून गडद, खालून पांढरा. तो फार दूरचा नव्हे. ओमानसमोरील बेटे आणि सोकोत्रा ही त्याची जन्मभूमी.

याच सुमारास खोल समुद्रातील सुरयही किनाऱ्याजवळ येतात. काजळी सुरय म्हणजे सूटी टर्न. जन्मल्यानंतर कित्येक वर्षे तो जमिनीवर उतरत नाही. पाण्यावर विसावणेही त्याला परवडत नाही, कारण त्याची पिसे पाणी फार काळ झेलू शकत नाहीत. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळील पक्षीपिट्टी नावाच्या वाळूच्या लहानशा बेटावर त्याची वसाहत आहे. ब्रायडल्ड टर्न हा त्याच्यासारखाच, पण पाठीचा रंग तपकिरीकडे झुकणारा आणि कपाळापासून डोळ्यामागे गेलेली पांढरी भुवई लगामाच्या पट्ट्यासारखी. या दुसऱ्या पक्ष्याचे घर महाराष्ट्राच्याच हद्दीत आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

इतक्या दुरून हे पक्षी अरबी समुद्रातच का येतात, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर मोसमी वाऱ्यांत आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वेगाने वाहू लागला म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा घेण्यास खोलवरचे थंड पाणी वर येते. त्या पाण्यात क्षारपोषक द्रव्ये विपुल असतात. सूर्यप्रकाश मिळताच त्यात सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी, त्यांवर लहान मासे, आणि माशांवर पक्षी. लहान प्रमाणात हीच क्रिया केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर घडते. तारली आणि बांगडा यांची समृद्धी बव्हंशी तिच्यावर अवलंबून आहे. कोकणचा समुद्र या क्षेत्राच्या उत्तर कडेवर येतो. पक्षी आणि मच्छीमार हे एकाच ताटात जेवतात, असे म्हटले तर ती नुसती शब्दयोजना नव्हे. सुरय कोठे सूर मारीत आहेत, हे पाहून तांडेल आजही नौकेचा रोख ठरवतो. पक्ष्यांच्या संख्येत मोठा पालट झाला, तर तो समुद्राच्या अन्नसाखळीत काहीतरी हलल्याचा इशारा असतो. परंतु पालट झाला हे कळण्यासाठी आधीची संख्या कोठेतरी लिहिलेली असावी लागते, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी लिहिलेली नाही. सुमारे ७२० किलोमीटर म्हणून दीर्घकाळ सांगितल्या गेलेल्या या किनाऱ्यावर, मे महिन्यात, दरवर्षी एकाच जागेवरून केलेल्या सागरपक्ष्यांच्या गणनेच्या नोंदी बोटांवर मोजण्याइतक्याही सापडणे कठीण.

ही नोंद करण्यास मोठी साधनसामग्री लागत नाही. किंबहुना निरीक्षणाच्या दृष्टीने पश्चिम किनाऱ्याला एक नैसर्गिक सोय लाभली आहे. सकाळी सूर्य पाठीमागे असतो आणि समुद्र समोर उजळलेला असतो. सूर्योदयापासून साडेनऊपर्यंतचा वेळ उत्तम. दुपारनंतर सूर्य समोर येतो, पाणी चकाकू लागते आणि प्रत्येक पक्षी काळाच दिसतो.

जागा उंच असावी, पण फार उंच नसावी. वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज चार-साडेचार किलोमीटरवर दिसते. २५ मीटर उंचीवरून ते सुमारे १८ किलोमीटरवर जाते. तथापि साध्या दुर्बिणीतून दीड-दोन किलोमीटरपलीकडचा पक्षी ओळखता येत नाही, आणि फार उंचावरून पाण्यालगत उडणारा पक्षी लाटांच्या पार्श्वभूमीवर हरवतो. वीस-तीस मीटरांची भूशिरे सर्वांत सोयीची. कोर्लई, हरिहरेश्वर, जयगड, रत्नागिरीचा भगवती किल्ला, विजयदुर्ग, देवगड, वेंगुर्ल्याचे बंदर अशी समुद्रात घुसलेली ठिकाणे याच कामासाठी घडविली असावीत असे वाटते. शत्रूची गलबते दुरून दिसावीत म्हणून ज्यांनी या जागा निवडल्या, त्यांची नजर या बाबतीतही उपयोगी पडते. किल्ले व दीपगृहे यांच्या प्रवेशाच्या वेळा आणि नियम असतात, ते पाळावे. पावसाच्या तोंडावर लाटा अनपेक्षितपणे चढतात. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर कोणीही, विशेषतः मुलांना घेऊन, बसू नये.

वाऱ्याचे भान सर्वांत महत्त्वाचे. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकविले जातात. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि पक्ष्यांना दूर ठेवतो. खारा वारा त्यांना जवळ आणतो, पण तो दिवस चढल्यावर सुटतो. यामुळे एप्रिलमधील निवांत सकाळी कुरव आणि सुरयांखेरीज फारसे हाती लागत नाही. मेच्या मध्यानंतर मात्र चित्र पालटते. पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा वारा दोन-तीन दिवस सलग वाहिला, आभाळ भरले आणि समुद्र गढूळला की खोल पाण्यातील पक्षी किनाऱ्याच्या दृष्टिपथात येतात. मच्छीमार ज्या दिवशी समुद्राकडे पाहून होडी बाहेर काढीत नाही, तो पक्षीनिरीक्षकाचा दिवस.

गणनेची पद्धत सोपी आहे. समोर एखादा खडक, बोया किंवा नांगरलेली नौका निवडावी आणि तिथून क्षितिजापर्यंत एक काल्पनिक रेषा मानावी. ती रेषा ओलांडणारे पक्षी तेवढे मोजावे. पश्चिमेकडे तोंड करून बसल्यावर उजवीकडे जाणारा पक्षी उत्तरेस आणि डावीकडे जाणारा दक्षिणेस चालला आहे, हे लहान मुलालाही समजते. दर पंधरा मिनिटांनी आकडे लिहावेत. वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा व जोर, दृश्यता, जात, संख्या, दिशा असे रकाने आखावे आणि ‘ओळख पटली नाही’ असाही एक रकाना अवश्य ठेवावा. नवशिक्याच्या वहीत तो रकाना भरलेला असेल तर वही विश्वसनीय समजावी. प्रत्येक काळ्या ठिपक्याला नाव देणारी वही कोणाच्याच उपयोगाची नाही. तिथी लिहून ठेवल्यास उधाण आणि भांग यांचा संबंधही पुढे तपासता येतो.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. सकाळी दक्षिणेस गेलेले आणि संध्याकाळी उत्तरेस परतलेले सुरय स्थलांतर करीत नसतात. ते मासळीच्या मागे जाऊन मुक्कामावर येतात. एका वेळेची गणना करून स्थलांतराचे मोठे अनुमान काढणे हे हवेत इमले बांधण्यासारखे आहे. आठवड्यातून दोनदा, एकाच वेळी, एकाच जागेवरून, सलग पाच-सात वर्षे गणना झाली तरच तिला मोल येते.

अडचण अशी की, नेमक्या याच दिवसांत शाळांना उन्हाळ्याची सुटी असते. शाळेचा उपक्रम म्हणून हे काम मार्च-एप्रिलमध्ये सुरू होते आणि खरा हंगाम येतो तेव्हा वर्ग रिकामे असतात. त्यावर उपाय गावानेच काढावयाचा आहे. सुटीत मुले गावातच असतात. शिवाय मुंबई-पुण्याची नातवंडेही आलेली असतात. ग्रामपंचायतीने एक दुर्बीण आणि एक वही वाचनालयात ठेवली, एखाद्या निवृत्त शिक्षकाने किंवा मच्छीमार सोसायटीच्या सचिवाने जबाबदारी घेतली, तर काम अडण्याचे कारण नाही. आकडे ई-बर्डसारख्या संगणकीय नोंदणीत भरता येतात. पण गावाची मूळ वही गावातच राहू द्यावी. वेळास येथे २००२ सालापासून कासवांच्या घरट्यांच्या रक्षणाचे काम ग्रामस्थांच्या सहभागाने उभे राहिले, आणि नंतर ते किनाऱ्यावरील इतर गावांत पसरले. तेथेही आरंभी कोणाजवळ शास्त्रीय पदव्या नव्हत्या.

आता अधिक निकडीचा प्रश्न. मोसमी पावसाच्या तोंडावर आणि वादळानंतर थकलेले सागरपक्षी किनाऱ्यावर, कधी घाट ओलांडून पार आतल्या गावांतही पडतात. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये कोकणच्या समोरून गुजरातकडे गेलेले ‘तौक्ते’ ही चक्रीवादळे अजून सर्वांच्या स्मरणात आहेत. अशा वादळात पक्षी दिवसचे दिवस उपाशी राहतो, वाऱ्याशी झुंजतो आणि अखेर मिळेल तेथे उतरतो. त्यानंतर त्याचे जे काही होते, ते पुष्कळदा वादळाहूनही वाईट असते, आणि तेही चांगल्या हेतूने.

शिअरवॉटर आणि पेट्रेल यांचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात. पोहण्यास ते सोयीचे, परंतु जमिनीवर या पक्ष्यांना नीट उभे राहता येत नाही; ते पोटावर बसतात. पाहणाऱ्याला वाटते, पाय मोडला. मग त्याला काड्या बांधल्या जातात, हळद लावली जाते. कोणी दूध पाजतो, कोणी भात भरवतो, कोणी समुद्रपक्षी म्हणून त्याला गावच्या तळ्यात सोडतो. यातील एकही गोष्ट करू नये. बूबी नावाचा मोठा पांढरा पक्षी काही वेळा पावसाळ्यात किनाऱ्यावर सापडतो. तो चावतो म्हणून त्याची चोच दोरीने बांधतात. या पक्ष्याला बाहेरून नाकपुड्या नसतात, तो चोचीच्या कडेने श्वास घेतो; चोच बांधणे म्हणजे त्याचा गळा आवळणे होय.

करावयाचे ते थोडे आहे. हातांत मोजे किंवा पिशवी घालून, टॉवेल टाकून पक्षी उचलावा. पक्ष्यांपासून होणाऱ्या रोगांचा विचार करता उघड्या हाताने स्पर्श टाळावा. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी कापड घालून, अंधारात आणि शांत जागी ठेवावा. कुत्री आणि मुलांची गर्दी दूर ठेवावी. बळेच पाणी पाजू नये, हवेत भिरकावू नये, फुटणाऱ्या लाटेत सोडू नये. वनपालास किंवा वनरक्षकास कळवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार असा पक्षी घरी बाळगता येत नाही, हेही लोकांस सांगावे. पायात कडी असेल तर तिच्यावरील अक्षरे व आकडे जसेच्या तसे उतरवून, छायाचित्र काढून, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवावे. जिवंत पक्ष्याची कडी काढू नये. मृत पक्षीही निरुपयोगी नसतो. त्याचे स्थळ, तारीख आणि छायाचित्र एवढ्यावरून वादळाचा आणि प्रवासाचा मार्ग जुळविता येतो. दरवर्षी मेच्या ग्रामसभेत आपत्ती-निवारणाच्या विषयाबरोबर ही माहिती पाच मिनिटांत देता येईल.

जगात सागरपक्ष्यांच्या सुमारे ३५० जाती आहेत आणि त्यांतील जवळजवळ एक-तृतीयांश जाती आज धोक्यात आहेत. वीण होणाऱ्या बेटांवर माणसाबरोबर पोहोचलेले उंदीर आणि मांजरे, मासेमारीच्या गळांत व जाळ्यांत अडकणे, आणि तापमानातील पालट ही मुख्य कारणे. त्यांत प्लास्टिकची भर पडली आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील लॉर्ड हाव बेटावर फ्लेश-फूटेड शिअरवॉटरच्या पिलांच्या पोटांत आईबापांनी अन्न समजून भरविलेले प्लास्टिकचे तुकडे मोठ्या प्रमाणात आढळले आहेत. अरबी समुद्रात येणारे त्यांचे सोयरे पश्चिमेकडील बेटांवरचे. पण पाण्यावर तरंगणारे बूच आणि झाकण त्यांनाही खाद्यच वाटणार. बंदरावर फाटलेली जाळी आणि नायलॉनच्या दोऱ्या पाण्यात न टाकता एका ठिकाणी गोळा करण्याची व्यवस्था मच्छीमार सोसायटी आणि ग्रामपंचायत मिळून करू शकतात. पुळणीवर रात्रभर प्रखर दिवे लावण्याचा जो सोस पर्यटनाबरोबर वाढला आहे, त्याचाही विचार व्हावा. ढगाळ, पावसाळी रात्री पेट्रेल आणि शिअरवॉटर दिव्यांकडे ओढले जातात आणि आपटून खाली पडतात. कासवांच्या पिलांची दिशाभूल होते ती निराळीच.

महाराष्ट्राच्या हद्दीतील सागरपक्ष्यांचे सर्वांत महत्त्वाचे ठिकाण म्हणजे वेंगुर्ला-निवतीसमोरचा खडकांचा समूह. ज्याच्यावर दीपगृह उभे आहे, तो वेंगुर्ला रॉक्स या नावाने पक्षीशास्त्राच्या ग्रंथांत दीडशे वर्षे नोंदलेला आहे. काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे मोठे पक्षीतज्ज्ञ होते. लक्षद्वीपच्या १८७५ सालच्या सफरीत त्यांनी या खडकांना भेट दिली आणि पुढील वर्षी आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात त्यांविषयी लिहिले. १९४० च्या सुमारास हुमायून अब्दुलअली यांनी येथील सुरय आणि गुहांत घरटी करणाऱ्या पाकोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पाकोळ्यांची लाळेची घरटी परदेशांत पक्वान्न म्हणून विकली जातात, आणि त्यांची चोरी हा तेथील जुना रोग होता. ब्रायडल्ड टर्न येथे मे महिन्यात जमू लागतात. एकेका जोडप्याचे एकच अंडे, तेही उघड्या खडकाच्या खाचेत किंवा गवताच्या आडोशाला. या दिवसांत कोणी हौशी मंडळी छायाचित्रांसाठी खडकावर उतरली, तर थवा उठतो आणि भर उन्हात अंडे उघडे पडते. तेवढ्या अर्ध्या तासात ते निकामी होऊ शकते. म्हणून मेच्या मध्यानंतर तेथे नौका लागू नये, हे सांगणे स्थानिक नौकाचालकांच्या हातात आहे, आणि पर्यटकाला नाही म्हणण्याचा हा प्रसंग त्यांच्या धंद्याच्या अखेरच्या, कमाईच्या आठवड्यांतच येतो, याची जाण अधिकाऱ्यांनी ठेवली पाहिजे. नुकसान सोसून कोणी कायदा पाळील, ही अपेक्षा फार काळ टिकत नाही. जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन यांसारखे संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारास भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. त्याच धर्तीवर या नौकाचालकांसाठी काय करता येईल, याचा विचार जिल्हा पातळीवर होण्यास हरकत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बंदरातील नौका ओढून शाकारलेल्या असतात आणि खडकाकडे जाण्याचा मार्गच बंद होतो. मग अडीच महिने तेथे केवळ सुरय, पाकोळ्या आणि पाऊस. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून मच्छीमार पुन्हा बाहेर पडतात, तोपर्यंत बहुतेक पिले उडती झालेली असतात. आणि थोड्याच दिवसांत उत्तरेकडून परतलेले फॅलरोपांचे पहिले थवे खोल पाण्यावर गरगरू लागतात.